धुसरी घोडीचे गिऱ्हाईक

पूर्वी कुमुदनगरात धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल होते. दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तो उत्तरेकडून घोडे घेऊन कुमुदनगरच्या बाजारात येई आणि नद्या भरण्याआधी परत फिरे. बरोबर त्याचा मामेभाऊ पिंगल असे. पिंगल बोलण्यात मोठा पटाईत. घोडा लंगडा असला तर तो म्हणे, "हा विचार करून पाऊल टाकतो," आणि आश्चर्य म्हणजे लोकांना ते पटे.

सोमिलची रीत उलटी होती. गिऱ्हाईक आले की तो आधी घोड्याचे दोष सांगे, मग गुण सांगे आणि मग विचारी, "घोडा कशासाठी हवा?" याचे खरे उत्तर मिळेपर्यंत तो भावाचे नाव काढीत नसे. एकदा एक गृहस्थ म्हणाला, "शेतावर जायला हवा." सोमिल नुसता त्याच्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने गृहस्थ खाली बघून म्हणाला, "शेजाऱ्याने घेतला म्हणून हवा." सोमिलने त्याला एक देखणा, निरुपद्रवी घोडा दिला. दारात बांधून ठेवण्यापलीकडे त्या घोड्याला काही काम पडणार नव्हते, आणि तसेच झाले.

पिंगल कपाळाला हात लावी. "दादा, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. तू तर बोलून गहू पाडून ठेवतोस!"

कुमुदनगरच्या बाजाराचा एक कडक नियम होता. सौदा ठरला की विकणारा घेणाऱ्याच्या उजव्या हातावर पाणी सोडी. पाणी पडले की घोडा त्याचा झाला. पूर्वी काही लबाड आज घोडा विकत आणि उद्या जास्त भाव मिळतोसे दिसले की काही निमित्त काढून परत मागत. म्हणून बाजारच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले होते की पाणी सोडलेला घोडा जो परत घेईल, त्याची खुंटी उपटायची आणि त्याने पुन्हा या बाजारात घोडा बांधायचा नाही. कारण कोणतेही असो, नियमाला अपवाद नव्हता.

त्या वर्षी सगळे घोडे विकले गेले आणि एक घोडी उरली. राखेच्या रंगाची, आखूड पायांची, नऊ वर्षांची. तिला धुसरी म्हणत. धाव म्हटले तर ती धावे, पण दोन शेते ओलांडली की आपली चालीवर येई. नाच नाही, खिंकाळणे नाही, मानेचा डौल नाही. शिवाय तिला एक खोड होती. स्वाराचा तोल जरासा ढळला की ती जागच्या जागी थांबे. मग टाच मारा, चाबूक दाखवा, ओरडा. स्वार नीट सावरून बसेपर्यंत ती पाऊल उचलीत नसे. बाजारात अशा जनावराला अडेल म्हणतात. तीन गिऱ्हाइके आली, सोमिलच्या तोंडून ही खोड ऐकली आणि निघून गेली.

सोमिल रोज तिला खरारा करी आणि तिच्या अंगावरून हात फिरवी. तिचे गिऱ्हाईक कुठेतरी आहे, अशी त्याची खात्री होती. ते कोण, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते.

इकडे राजवाड्यात राजा धृतिसेन एका संकटात होता आणि ते त्याने राणीलाही सांगितले नव्हते. तीन वर्षांपूर्वी सीमेवरच्या लढाईत त्याचा घोडा बुजून उधळला होता. राजा खाली पडला, त्याचा हात लगामात अडकला आणि तो दगडगोट्यांवरून दूरवर फरफटत गेला. हाडे सांधली गेली. पण त्या दिवसापासून घोडा जवळ आला की त्याचे हात कापू लागत. ज्याने सात लढाया जिंकल्या होत्या, त्याला आता घोड्याच्या नुसत्या वासाने घाम फुटे.

आणि कुमुदनगरची रीत अशी होती, की पेरणीआधी राजाने घोड्यावर बसून साऱ्या शिवाराला फेरी घालायची. ती झाल्याशिवाय कोणाचा नांगर जमिनीला लागत नसे. राजा आजारी असला तर त्याची तलवार खोगिरावर ठेवून घोडा फिरवत. पण हे दोनच वर्षे चाले. तिसऱ्या वर्षीही राजा स्वतः बसला नाही, तर त्याने सिंहासन सोडावे असा पूर्वजांचा दंडक होता. धृतिसेनाच्या मागे गादीवर येणार होता त्याचा चुलतभाऊ, ज्याला लढाईशिवाय दुसरे काही सुचत नसे. दोन वर्षे तलवार फिरली होती. हे तिसरे वर्ष होते.

लोक विचारीत तेव्हा राजा सांगे, "माझ्याजोगा घोडा मिळत नाही." त्याच्या अश्वशाळेचा अधिकारी दृढवर्मा भोळा आणि स्वामिभक्त होता. त्याने हे अक्षरशः खरे मानले. पहिल्या वर्षी त्याने एक तेजस्वी घोडा आणला, दुसऱ्या वर्षी त्याहून तापट आणला. राजाने दोन्ही दुरूनच नाकारले. बिचारा दृढवर्मा आणखी तापट घोडा शोधू लागला. इतक्या मायेने कोणी कोणाला मरणाच्या दारात नेले नसेल.

फेरीला दोन दिवस उरले असताना सोमिल सकाळीच नदीवर नावाडी ठरवायला गेला. पिंगलला वाटले, हीच वेळ आहे. त्याने धुसरीला मिरी घातलेली सुरा पाजली. घोड्यांच्या बाजारातली ही जुनी युक्ती. थोड्या वेळाने ती शांत घोडी खूर आपटू लागली. तिचे डोळे लाल झाले, शेपटी वर गेली आणि ती अशी खिंकाळली की घोडे बांधायची तीन ठाणे ओलांडून दृढवर्मा धावत आला.

"ही कोणाची?"

"आपलीच म्हणा की!" पिंगल म्हणाला. "वाऱ्याला मागे टाकते. कोणाला अंगाला हात लावू देत नाही. राजाखेरीज हिच्यावर बसण्याची कोणाची छाती नाही."

दृढवर्म्याने हात पुढे केला. पिंगलने पाणी सोडले.

सोमिल परत आला तेव्हा खुंटी रिकामी होती. "धुसरी कुठे आहे?" त्याने विचारले.

"राजाच्या अश्वशाळेत!" पिंगलला आनंद आवरत नव्हता. "परवाच्या फेरीला खुद्द महाराज तिच्यावर बसणार. दादा, आपल्या धुसरीचे नशीब उघडले."

सोमिलला सुरेचे भांडे दिसले. त्याने ते उचलून हुंगले आणि तो तिथेच मातीत बसला. त्याला राग आला, आणि बोधिसत्त्वालाही राग येतो हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पण तो राग त्याने जिभेवर येऊ दिला नाही.

"पिंगल," तो म्हणाला, "परवा तिला पुन्हा पाजली तर ती राजाला पाडेल. नाही पाजली तर गर्दीत मध्येच थांबेल, राजाचे हसू होईल आणि लोक तिला मारून टाकतील. एकीकडे राजा मरतो, दुसरीकडे घोडी. तू यातले काय विकलेस?"

पिंगलचा चेहरा उतरला. हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते. तो वाईट नव्हता. गिऱ्हाईक पाठमोरे झाले की त्याची गोष्ट संपत असे, इतकेच.

"पण दादा, पाणी सोडले आहे. परत घेतलीस तर खुंटी जाईल. आतोबांनी, तुझ्या वडिलांनी, रोवलेली खुंटी आहे ती. पुढल्या वर्षी आपण कुठे जायचे?"

"ते पुढल्या वर्षी बघू," सोमिल म्हणाला आणि राजवाड्याकडे निघाला.

तो अश्वशाळेच्या अंगणात पोहोचला तेव्हा दुपार कलली होती. धुसरीचा कैफ ओसरत आला होता. मान खाली घालून ती भिंतीशी उभी होती आणि तिच्या तोंडातून फेस गळत होता. दृढवर्मा तिच्याभोवती घिरट्या घालीत होता, कारण आता ही घोडी कोणालाही अंगाला हात लावू देत होती. राजाही आला होता. नवी घोडी पाहिल्याशिवाय नाकारणे बरे दिसले नसते, म्हणून तो दूर, वरच्या सज्जात खांबाला धरून उभा होता.

सोमिल अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "ही घोडी मी परत घ्यायला आलो आहे."

"पाणी सोडले आहे," दृढवर्मा म्हणाला.

"ठाण माझे आहे, तेव्हा ते चुकीचे पाणीही माझेच. तिला सुरा पाजून आपल्याला दाखवले गेले. राजाला फसवण्याची जी शिक्षा असेल ती मला करा. पण आधी तिचे दोष ऐका, कारण आपल्याला ते कोणी सांगितले नाहीत."

दृढवर्म्याचा हात तलवारीकडे गेला. सोमिल थांबला नाही. बाजारात रोज जसा बोलत असे, तसाच सरळ बोलत राहिला.

"ही वेगाने धावत नाही. धावली तरी फार वेळ धावत नाही. हिला डौल नाही. हिच्यावर बसून कोणी शूर दिसत नाही. ढोल वाजले तरी ही मान वर करीत नाही. आणि हिची सगळ्यात मोठी खोड म्हणजे, स्वाराचा तोल ढळला की ही थांबते. तो सावरेपर्यंत कितीही मारा, हलत नाही."

"बस कर!" दृढवर्मा ओरडला. "असले जनावर महाराजांसाठी?"

"थांब," वरून आवाज आला. "काय म्हणालास? शेवटचे पुन्हा सांग."

सोमिलने वर पाहिले. राजाने खांब सोडला होता आणि तो कठड्यावर वाकला होता.

"स्वाराचा तोल ढळला की ही थांबते, महाराज."

"आणि पडला तर?"

"तर शेजारी उभी राहते. माझी आई म्हातारपणी हिच्यावर बसत असे. ती दोनदा पडली. दोन्ही वेळा ती उठेपर्यंत धुसरीने खूर उचलला नाही."

राजा जिना उतरून खाली आला. अंगण ओलांडताना तो एकेक पाऊल मोजल्यासारखा टाकीत होता. तीन वर्षांत तो घोड्याच्या इतक्या जवळ गेलेला दृढवर्म्याने पाहिला नव्हता. धुसरीपासून हातभर अंतरावर राजा थांबला. त्याचा हात पुढे आला आणि तो हात कापत होता.

सोमिलने ते पाहिले आणि त्याला सगळे कळले. सात लढाया जिंकलेला हात या थकलेल्या घोडीपुढे पानासारखा थरथरत होता, तरीही मागे जात नव्हता. सोमिलने पुष्कळ शूर पाहिले होते. पण याआधी त्याला कोणाला असे मनोमन वंदन करावेसे वाटले नव्हते.

"मला ही हवी," राजा म्हणाला. "पाणी सोड."

दुसरा कोणी असता तर नाचत पाणी सोडले असते. सोमिल म्हणाला, "आज नाही, महाराज. आज तिच्या अंगात सुरा आहे. उद्या ती शुद्धीवर येईल, मग पाहा. आणि माझी एक रीत आहे. मी दोष सांगतो, घेणाऱ्याने गरज सांगायची. आपल्याला घोडी कशासाठी हवी?"

"फेरीसाठी," राजा म्हणाला.

सोमिल त्याच्याकडे बघत उभा राहिला. दृढवर्म्याला हा उद्धटपणा असह्य झाला होता, पण राजाने हाताच्या खुणेने त्याला बाजूला जायला सांगितले. अंगणात राजा, सोमिल आणि घोडी एवढेच उरले.

"मला भीती वाटते," शेवटी तो म्हणाला. "म्हणून."

तीन वर्षे दाबून ठेवलेले ते शब्द बाहेर पडले आणि राजा रडू लागला. धुसरीने त्याच्याकडे तोंड वळवून श्वास सोडला आणि ती पुन्हा स्तब्ध उभी राहिली.

"आता गिऱ्हाईक मिळाले," सोमिल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने राजाला आधी नुसते घोडीच्या खांद्याशी उभे राहायला सांगितले. मग खरारा करायला सांगितला. मग हात धरून वर बसवले आणि तो बाजूने चालू लागला. राजा तीनदा घसरला आणि घोडी तीनदा थांबली. संध्याकाळी सोमिलने राजाच्या उजव्या हातावर पाणी सोडले. राजा त्याला उमद्या घोड्याची किंमत देऊ लागला. सोमिलने हळू चालणाऱ्या घोडीची घेतली.

फेरीच्या दिवशी वेशीपासून शिवारापर्यंत माणसे दाटली होती. नांगर जुंपून बैल उभे होते. राजाचा चुलतभाऊ आपल्या काळ्या घोड्यावर बसून तयार होता, कारण त्यालाही दंडक पाठ होता. शिंगे वाजली आणि वेशीतून राखेच्या रंगाची एक बुटकी घोडी बाहेर आली. तिच्यावर राजा होता. लोकांनी आधी डोळे चोळले, मग कुठेतरी हसू फुटले आणि ते पसरत गेले.

राजा पुढे पाहत राहिला. अर्धी फेरी झाली. ओढ्याच्या उतारावर दगडगोटे होते. ते पाहताच त्याचे डोळे फिरले, तो एका बाजूला कलला आणि त्याच्या हातातून लगाम सुटला. हजारो लोकांच्या तोंडून एकच किंकाळी निघाली.

घोडी थांबली.

ढोल वाजत होते. चुलतभावाचा काळा घोडा जागच्या जागी फेर धरीत होता. कोणीतरी घोडीला हाकलायला काठी उगारली. ती हलली नाही. अर्धा लोंबकळणारा राजा तिच्या आयाळीला धरून तिच्या गळ्याशी टेकून राहिला आणि त्याला तिच्या छातीचे ठोके ऐकू आले. ते अगदी संथ होते.

"महाराज, खाली उतरा!" चुलतभाऊ ओरडला. "ही फेरी आपल्याच्याने होणार नाही!"

राजाने मान वर केली. "मी दोन वर्षे सांगितले की माझ्याजोगा घोडा मिळत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "ते खोटे होते. लढाईत पडलो तेव्हापासून मला घोड्याची भीती वाटते. आत्ताही वाटते."

ढोल आपोआप बंद पडले. मग बांधावर उभी असलेली एक म्हातारी, जिची दोन्ही मुले सीमेवरच्या लढाईतून परत आली नव्हती, पुढे येऊन म्हणाली, "मग घाई कशाची, महाराज? सावकाश बसा. आम्ही आहोत ना उभे."

आणि सारे नगर उभे राहिले. बैल उभे राहिले, माणसे उभी राहिली, कोणी खाकरले नाही. राजा थोडा थोडा करून वर सरकला. त्याने लगाम धरला आणि तो नीट बसला. त्याच क्षणी घोडीने पाऊल उचलले.

आजवर राजांची फेरी धुळीचा लोट उठवून निघून जाई आणि राजाचा चेहरा कोणाला दिसत नसे. त्या दिवशी लोक धुसरीच्या चालीने राजाबरोबर चालले. राजाने प्रत्येक शेत पाहिले, शेतात उभे असलेले माणूस पाहिले, आणि सीमेवर किती घरे रिकामी झाली हेही पाहिले. फेरी पुरी व्हायला दुपार झाली. मग पहिला नांगर जमिनीत शिरला. काळ्या घोड्यावरचा चुलतभाऊ मधूनच केव्हा निघून गेला, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्यानंतर धृतिसेनाने आपण होऊन एकही लढाई काढली नाही.

पाणी सोडलेली घोडी परत घेतली म्हणून बाजारच्या वडीलधाऱ्यांनी नियमाप्रमाणे सोमिलची खुंटी उपटली. राजा मध्ये पडणार होता, पण सोमिलने त्याला थांबवले. तो म्हणाला, "एकासाठी नियम वाकला की उद्या लबाडही रांगेत उभे राहतील." पिंगल रडत होता. सोमिलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नद्या भरण्याआधी ते दोघे उत्तरेकडे निघून गेले.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा विहारात सांगितली आणि त्या वेळची माणसे ओळखून दिली. तेव्हाचा पिंगल म्हणजे आज हौसेने सर्वांची स्तुती करणारा भिक्खू चित्रक. तेव्हाचा दृढवर्मा म्हणजे दाराशी बसलेला भाबडा उपासक रोहक. तेव्हाचा राजा म्हणजे भिक्खू सुवेळ, जो आज सकाळी गाथा म्हणताना सभेपुढे अडखळला, "मला भीती वाटते," असे मोकळेपणाने म्हणाला आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून म्हणू लागला. तेव्हाची धुसरी घोडी म्हणजे वृद्ध भिक्खुणी सौम्या, जिला दोन गाथांपलीकडे काही पाठ होत नाही, पण ती उशाशी बसली की आजारी माणसांना झोप लागते. हे ऐकून सभेतील सर्वांनी तिच्याकडे वळून हात जोडले आणि ती गोंधळून इकडेतिकडे पाहू लागली.

"आणि घोडे विकणारा सोमिल मीच होतो," शास्ता म्हणाले. त्या जन्मी त्यांनी सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे पूर्णत्व गाठण्याचे व्रत, पाळली. राजालाही त्या दिवशी सत्यानेच खोगिरावर धरून ठेवले.